पंधरा नॅनोग्रॅम

नळीचं झाकण काढलं आणि मेथीचा वास आला.

मी झाकण परत लावलं. गुरुवार होता, सकाळचे दहा वाजून गेले होते, आणि माझ्यासमोरच्या निळ्या स्टँडवर सात नळ्या होत्या. ही पाचवी. आमच्या लॅबमध्ये दिवसाला चारशे माणसांची लघवी येते. माणसं येत नाहीत. कुणी ट्रक चालवणारा असतो, कुणी नर्स, कुणी विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत नवीन नोकरी लागलेला इंजिनिअर. कोणती नळी कुणाची हे मला कळू नये अशीच सगळी व्यवस्था आहे. बाटल्यांचं सील पुढच्या खोलीत तुटतं, माझ्यापर्यंत पोचते ती फक्त काचेची नळी, तिच्यावर बारकोड आणि अकरा आकडी नंबर. पहिल्या चाचणीत जे संशयित ठरले तेवढेच नमुने माझ्याकडे येतात. ते मी शुद्ध करून यंत्रात घालते आणि यंत्र आकडा देतं. गांजासाठी रेषा पंधरा नॅनोग्रॅमची. एका मिलिलिटरमध्ये पंधरा किंवा जास्त निघाले तर माणूस नापास, चौदा पूर्णांक नऊ निघाले तर पास. चौदा पूर्णांक नऊवाल्याला आपण किती काठावरून गेलो हे कधीच कळत नाही. सुरुवातीच्या दिवसांत मला वाटायचं की प्रत्येक नळीच्या मागे एकेक माणूस उभा आहे आणि मी मान वर केली की तो बाजूला होतो. मग त्याची सवय झाली, जशी अमोनियाच्या वासाची झाली. दोन आठवड्यांत नाक तो वास मोजणं सोडून देतं. म्हणूनच मेथी इतकी स्पष्ट आली. आधी अर्थातच मी स्वतःवर संशय घेतला. सकाळी सहाला बस पकडण्यापूर्वी मी मेथीचा लाडू खाल्ला होता, तसा गेले तीन आठवडे रोज खात होते. मेथीतला एक रेणू शरीरात मोडत नाही, तसाच्या तसा बाहेर पडतो, घामातून, लघवीतून, दुधातून. माझ्या जॅकेटच्या कॉलरला तो वास होता, उशीला होता, बसमध्ये शेजारी बसलेली माणसं कधी कधी नाक किंचित वर करून काहीतरी शोधायची. तेव्हा हा वास नळीतून आला की मनगटातून, हे आधी ठरवायला हवं होतं. मी हातमोजे बदलले, हातभर मागे सरकले, आणि शेजारच्या टेबलावरच्या ग्लेनला म्हटलं की जरा हे हुंगून बघ.

ग्लेन पंचावन्नचा, तीस वर्षं याच कामात. मला तो डेव्ही म्हणतो, कारण देवयानी त्याला एका श्वासात जमत नाही. त्याने नळी नाकाखाली धरली आणि हसला. "पॅनकेक्स," म्हणाला. "मेपल सिरप घातलेले. डेव्ही, ही बाई ब्रेकफास्ट करून आली आहे."

"बाई कशावरून?" मी विचारलं.

"बाई, बाप्या, कोणीही," तो म्हणाला. "सोमवारी माझी नळी उघडलीस तर बिअरचा वास येईल. पण बिअर कोण शोधतंय?"

तो परत आपल्या कामाला लागला. त्याला मेपल सिरप वाटलं आणि मला मेथी वाटली, आणि दोघांचंही बरोबर होतं, कारण रेणू एकच आहे. वास नळीतून येत होता एवढं सिद्ध झालं. पण बाई हा शब्द ग्लेनने उच्चारला होता आणि तो आता त्या नळीपाशी उभा होता. मेथी इतकी कोण खातं? बाळंतीण खाते. आणि वॉशिंग्टन राज्यातल्या आमच्या या बेलव्ह्यू शहरात, या आठवड्यात, नवीन नोकरीसाठी नमुना दिलेली, रोज गांजा घेणारी बाळंतीण मला माहीत होती. ती माझी मावसबहीण होती.

लतिकाताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. नागपूरला आमची घरं एका गल्लीत होती. मला सायकल तिनेच शिकवली, मागून कॅरिअर धरून धावत. ती तिच्या लग्नाआधीपासून इथे, मी एम. एस. संपवून आता एक वर्षाच्या ट्रेनिंगच्या परवान्यावर. तिच्या घरापासून दोन स्टॉपवर मी खोली घेतली आहे आणि दर रविवारी तिच्याकडे जेवते. तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा पाय एका सकाळी झोपेतून उठलाच नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंवरचं आवरण परकं समजून खायला लागतं. गरोदरपणात हा आजार बहुधा शांत बसतो, आणि ते नऊ महिने ताई खरोखर अशी चालायची की विसरायला व्हायचं. बाळ झाल्यावर तो परत येतो, असं पुस्तकात लिहिलं आहे, आणि तो पुस्तकात लिहिलेल्या वेळी आला. रुचा तीन महिन्यांची होती. रात्री ताईचे पाय लाकडासारखे ताठ व्हायचे, गुडघे मिटेनात, आणि ती उशी तोंडात धरून पडायची म्हणजे बाळ उठू नये. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी पाय सैल पडायचे आणि बाकीची ताईही. एकदा तिने मला सांगितलं की रुचाला मांडीवर घेऊन बसलेली असताना मध्येच दहा मिनिटं गायब झाली, आणि ती दहा मिनिटं कुठे गेली ते सापडत नाही. मग त्याच डॉक्टरांनी एका कागदावर सही केली. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याप्रमाणे हा आजार असलेल्या माणसाला गांजाचं पान औषध म्हणून जवळ ठेवता येतं. ताई त्याचा अर्क घ्यायची, जिभेखाली चार थेंब. अर्ध्या तासाने ती जिना उतरून खाली यायची, कठड्याला न धरता, आणि आपण बघतोय हे तिला कळू नये म्हणून मी आणि तिचा नवरा टीव्हीकडे बघायचो.

ते घर एक होतं आणि त्या घरात दोन कायदे राहत होते. राज्याच्या कायद्याने अर्काची ती तपकिरी बाटली औषध होती, देशाच्या कायद्याने गुन्हा. स्वयंपाकघर राज्याचं म्हटलं तर व्हिसा देशाचा होता. ताईचा सगळा विभाग ऑक्टोबरमध्ये बंद झाला. तिचा नवरा सौमित्र तिच्या व्हिसावर आलेला, त्याला इथे काम करायची परवानगी नाही. तो बाळ सांभाळतो आणि आपण हाउसहजबंड आहोत असं पार्टीत सगळ्यांच्या आधी स्वतःच सांगून टाकतो. महिनाअखेरीपर्यंत दुसऱ्या कंपनीने तिला घेतलं नाही तर तिघांनाही परत जायला लागणार होतं. जायला हरकत कसली, असं कुणीही म्हणेल. पण इथल्या न्यूरॉलॉजिस्टकडची तिची इंजेक्शनं नोकरीतून मिळणाऱ्या विम्यावर होती, आणि ताई ती बंद करायला घाबरत होती. कंपनी मिळाली. ऑफर मिळाली. तिच्याबरोबर एक ओळ आली की रुजू होण्यापूर्वी औषध चाचणी.

"आठवडाभर बंद ठेवलं की निघून जातं ना गं?" दोन रविवारांपूर्वी ताईने मला विचारलं होतं.

"डिपेंड्स," मी म्हटलं. "ते चरबीत जाऊन बसतं."

"चरबी? बघ तरी माझ्याकडे. चरबी कुठंय?"

"काय यार," सौमित्रजिजू म्हणाले, "घरात सायंटिस्ट असून डिपेंड्स? मग गूगल काय वाईट?"

तेवढ्यात नागपूरहून सुवर्णामावशीचा फोन आला आणि ताईने तो स्पीकरवर टाकला. मावशी बाळंतपणाला येऊन पाच महिने राहून गेली होती, जाताना मेथीच्या लाडवांचे दोन डबे भरून ठेवून गेली होती. "लाडू खातेस ना? दूध येतंय ना व्यवस्थित?" मावशी विचारत होती, आणि ताई माझ्याकडे बघत म्हणाली, "हो गं आई. येतंय." मग फोन ठेवून तिने मला दुसऱ्यांदा विचारलं, "आठवडा पुरेल?" आणि मी, जिला अर्धायुष्य, विभाजन गुणांक, हे सगळं तोंडपाठ आहे, मी म्हटलं, "पुरेल बहुतेक." ताई म्हणाली, "नमुना तुमच्याकडेच येणार का?" मी म्हटलं, "क्रॉसरोड्सजवळच्या क्लिनिकमध्ये देणार असशील तर हो. पण आम्हाला फक्त नंबर दिसतो." "बरंय मग," ती म्हणाली. जिजूंनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्या मंगळवारपासून तिने अर्क बंद केला, पुढच्या मंगळवारी नमुना दिला, आणि मधल्या सात रात्री कशा गेल्या ते मी विचारलं नाही. एक दिवस बसमधून जाताना मला दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीत ती दिसली होती. ती उभी होती. खिडकीच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून, नुसती उभी. मी हात केला तेव्हा तिने हात केला नाही. हात सोडला असता तर ती पडली असती, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

आता पाचवी नळी माझ्या हातात होती. हातमोज्यातून ती कोमट लागत होती, तशी ती असणं शक्यच नव्हतं. फ्रिजमधून काढून वीसच मिनिटं झाली होती. बाकीच्या सहा नळ्या नळ्या होत्या. ही कुणीतरी होती. प्रत्येक नळीत आम्ही सगळ्यात आधी एक ठरलेलं माप घालतो. तोच रेणू, पण कारखान्यात बनवलेला, थोडा जड. त्याला स्टँडर्ड म्हणतात. पुढे नमुना सांडला, उडाला, अर्धा वाया गेला तरी दोन्ही रेणू सारखेच वाया जातात, आणि यंत्र शेवटी फक्त त्यांचं एकमेकांशी प्रमाण बघतं. यंत्राचा सगळा विश्वास त्या पहिल्या मापावर असतो. मी ते माप घेतलं, नळीत सोडलं. अंगठा वर आला. मग मी पुन्हा माप घेतलं आणि पुन्हा सोडलं. एवढंच. स्टँडर्ड दुप्पट झालं की येणारा आकडा निम्मा होतो. ग्लेनची पाठ माझ्याकडे होती. पंख्याचा आवाज होता. खोटं बोलताना घसा कोरडा पडतो, नजर हलते, असं म्हणतात. माझं काहीच झालं नाही. मी सहावी नळी उघडली, एक माप. सातवी, एक माप. त्यांना कसलाही वास नव्हता.

आकडे यायला दुपार होते. मधल्या वेळात मी जेवायला म्हणून बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. पाऊस म्हणता येणार नाही असं काहीतरी हवेत लटकत होतं. मला अकारण गुरुनाथकाकांची आठवण आली. ते आमच्या गल्लीत राहायचे, अबकारी खात्यात होते. मी सातवीत असताना एकदा त्यांनी आम्हा मुलांना वर्धा रोडवरच्या एका माळावर नेलं होतं, पकडलेला गांजा जाळतात ते दाखवायला. पोती रचली होती, साहेबांनी सही केली, मग आग. वारा आमच्याकडे वळला तेव्हा काकांनी आम्हाला मागे ओढलं नाही, त्यांच्या लक्षातच आलं नाही. धूर गोडसर होता. साहेबांचा कुत्रा चालता चालता खाली बसला आणि तसाच आगीकडे बघत राहिला. सगळी मोठी माणसं आगीकडे तोंड करून उभी होती, आणि मला एकदम वाटलं की आता यांच्यातलं कुणीच वळणार नाही. ताईने माझा हात धरला होता. तेव्हा ती एकवीसची असेल, आम्हाला सांभाळायला म्हणून आली होती. काकांच्या गालात तेव्हाही तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. पुढे त्यांचा अर्धा जबडा काढला. खर्रा तेव्हा पानठेल्यावर मिळायचा, पोती माळावर जाळायचे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, मला दोन पानांमधला फरक रेणूंमध्ये सांगता येतो. त्यातल्या कुठल्या रेणूसाठी तुरुंग आणि कुठल्यासाठी पानठेला, हे मात्र रेणूकडे बघून सांगता येत नाही. दारू रात्रीत निघून जाते. प्रिस्क्रिप्शन असलेली अफूची गोळी सापडली तरी माणूस पास होतो. हे एकच असं आहे की महिनाभर चरबीत चिकटून राहतं आणि पाय सैल करण्याचं काम केव्हाच संपलं तरी नाव सांगत राहतं.

पाचव्या नळीचा आकडा अकरा पूर्णांक दोन आला. म्हणजे खरा बावीस पूर्णांक चार. पास. मी यादीवर सही केली. सातांपैकी तीन नापास, चार पास. नापासांमध्ये एक शहात्तरचा होता, एक एकतीसचा, एक सोळा पूर्णांक एकचा. सोळा पूर्णांक एक बघून मला वाटलं, अरेरे, दोन दिवस थांबला असता तर. असं मला रोजच कुणाबद्दल तरी वाटतं. मग मी घरी आले आणि लाडू खाल्ला.

त्या संध्याकाळी आणि शुक्रवारी दिवसभर मला एक विचित्र हलकेपणा होता. बसमध्ये मला वाटत होतं की माझ्या अंगाचा वास ओळखून कुणीतरी आता वळून बघेल. एका स्टॉपवर बाळाची गाडी घेऊन एक बाई चढली, गोरी, लाल केसांची. ती माझ्या समोर बसली. तिने नाक किंचित वर केलं, मग माझ्याकडे बघून ओळखीचं हसली आणि पुढच्याच स्टॉपवर उतरून गेली. ती का हसली हे मी बराच वेळ शोधत राहिले. शुक्रवारी साडेचारलाच अंधार झाला होता. रविवारची वाट न बघता मी ताईकडे गेले. तिला काही सांगायचं नव्हतं, नुसतं तिच्यासमोर बसायचं होतं, माहीत असलेलं न सांगता.

ताई सोफ्यावर होती, पाय पुढे, त्यांवर पांघरूण. दिवा लावलेला नव्हता. "ये," ती म्हणाली. "नापास."

मला हसू आलं. मी म्हटलं, "शक्यच नाही."

"कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला होता दुपारी. चांगला होता गं बोलायला. सोळा निघाले म्हणाला. म्हणाला, प्रिस्क्रिप्शन आहे का? म्हटलं पेपर आहे, डॉक्टरची सही आहे. म्हणाला, तो स्टेटचा पेपर आहे, मला तो धरता येत नाही. म्हणाला तुम्ही ऑक्सीकोडोनसारखी अफूची गोळी घेत असतात तर मी निगेटिव्ह लिहिलं असतं. दोनदा सॉरी म्हणाला. मग एचआरचा मेल आला. ऑफर कॅन्सल केली."

"शक्यच नाही," मी पुन्हा म्हटलं. माझ्या डोक्यात अकरा पूर्णांक दोन हा आकडा होता आणि तो हलत नव्हता. स्वयंपाकघरात दिवा लागला. जिजू रुचाला एका हातावर घेऊन उभे होते आणि दुसऱ्या हाताने बाटली हलवत होते. बाटलीत पांढरं पाणी होतं. ओट्यावर दुधाच्या पावडरचा डबा उघडा होता.

"हे काय? पावडर?" मी विचारलं.

"महिना झाला," ताई म्हणाली. "थेंब चालू केले तेव्हाच पाजायचं बंद केलं. दुधात जातं ना ते? मग तूही म्हणालीसच, चरबीत बसतं."

"आणि लाडू?"

"कोण खातंय? एक डबा तुला दिला, दुसरा वर तसाच आहे, सील पण नाही काढलं. आईला बोलू नकोस हं. फोनवर उगाच रडारड."

मी कपाटाकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. गणित इतकं सोपं होतं की ते आधी न सुचल्याची लाज हळूहळू, पायांकडून वर येत होती. ज्या बाईच्या लघवीत गांजा आणि मेथी दोन्ही आहे ती पाजणारी बाई आहे. ताई पाजत नव्हती, कारण तिच्या अंगात गांजा होता. तिच्या नळीला कसलाही वास येणार नव्हता. वास नसलेल्या सहा नळ्या होत्या. मी त्या प्रत्येकीत एकच माप घातलं होतं, अगदी अचूक.

"रीटेस्ट मागता येते," जिजू आतून म्हणाले. "बहात्तर तास आहेत. त्याच बाटलीतून, दुसऱ्या लॅबमध्ये. देवू, तुमच्याकडे चुका होत असतीलच ना? चारशे सॅम्पल्स दिवसाला म्हणजे काय? ह्यूमन एरर!"

"ही बरोबर आहे," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

"मी केली."

जिजूंचा बाटली हलवणारा हात थांबला. मग मी सगळं सांगितलं, पाचव्या नळीपासून. सांगताना माझा आवाज मला परका लागत होता, सेमिनारमध्ये असतो तसा, आधी पद्धत, मग निष्कर्ष. ताई माझ्याकडे नाही, पांघरुणावर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"म्हणजे," जिजू म्हणाले, "भलत्याच कुणाला तरी तू पास केलंस. आणि हिला—"

"सौमित्र."

"नाही, मला फक्त समजून घेऊ दे. म्हणजे आता तू उद्या जाऊन तिथे सांगितलंस की मी गडबड केली, तर सगळी बॅच कॅन्सल होईल ना? हिचीही?"

याचा विचार मी बोलता बोलता केला होता. "कॅन्सल होईल. मग ते बाटल्या काढून परत करतील. ताईची परत सोळा येईल. त्या बाईची बावीस येईल."

"आणि तुझी नोकरी जाईल," ताई म्हणाली. "आणि तू पण आमच्याबरोबर विमानात." ती हसली, खरंच हसली. "तीन तिकिटांऐवजी चार."

"मजा आहे तुम्हा दोघींची," जिजू म्हणाले आणि रुचाला घेऊन आतल्या खोलीत गेले. दार त्यांनी आपटलं नाही. फार हळू लावलं.

ताईने पाय हलवायचा प्रयत्न केला, पाय हलला नाही, तिने तो हातांनी उचलून बाजूला ठेवला, जड भांडं ठेवावं तसा. "आता थेंब घ्यायला हरकत नाही," ती म्हणाली. पण घेतले नाहीत. मग म्हणाली, "तिचं बाळ केवढं असेल गं?"

"कुणाचं?"

"त्या बाईचं."

"माहीत नाही. कदाचित बाईही नसेल, कुणी मेथीच्या गोळ्या घेत असेल. आपल्यातलीही नसेल. इथल्या बायका पण घेतात दुधासाठी. इथिओपियाचे लोक खातात. काहीच सांगता येत नाही."

"बाळ आहे," ताई म्हणाली. "पाजतेय आणि घेतेय. दुखत असणार काहीतरी. नाहीतर आवडत असेल नुसतं." ती थांबली. "मी थांबवलं पाजणं म्हणून मी मोठी शहाणी नाही हं. मला रोज वाटतं, दोन वेळा पाजलं असतं तर काय झालं असतं? तूही नाही सांगू शकत काय झालं असतं. शकतेस?"

"नाही. इतका डेटा नाही."

"मग?" ती म्हणाली. "राहू दे तिला. तू कुणाला काही सांगणार नाहीयेस. आणि मी रीटेस्ट मागणार नाही. आहे ते आहे माझ्यात, नाही कसं म्हणू?"

मला तिची क्षमा मागायची होती, पण नेमकी कशाची ते ठरेना. चुकीच्या नळीत दोन मापं घातल्याची की बरोबर नळीत एकच घातल्याची? पहिल्याची मागितली तर ती गुन्ह्याची झाली असती आणि दुसऱ्याची मागितली तर गुन्हा न केल्याची. ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझा आधार घेऊन उठली. आम्ही दोघी जिन्यापर्यंत गेलो. पंधरा पायऱ्या होत्या, मी मोजल्या. प्रत्येक पायरीवर ती थांबत होती आणि मी खालून तिच्या पाठीला हात लावून उभी होते. वर पोचेपर्यंत रुचा झोपली होती.

सोमवारी सकाळी ग्लेनने मला कोल्ड रूमची पाळी दिली. तिथे मी फार कमी जाते. मागच्या आठवड्यात पास झालेल्या बाटल्या ट्रेमध्ये काढून ओतायला पाठवायच्या आणि नापास झालेल्या आतल्या फ्रीझरमध्ये, उणे वीसला, ठेवायच्या. या नळ्या नव्हत्या, मूळ बाटल्या होत्या. प्रत्येकीच्या तुटलेल्या सीलवर नमुना देणाऱ्याने स्वतःच्या हाताने केलेली सही असते. मला हे माहीत होतं, पण ते माझ्या कामाच्या बाजूला नव्हतं. कपाटाचं दार उघडल्यावर थंडीचा एक लोट आला आणि रांगांमागून रांगा, प्रत्येक बाटलीवर एकेक सही, वेगवेगळ्या हातांची, काही थरथरलेली, काही घाईची. खोलीत मी एकटी नव्हते. यापेक्षा नेमकं मला सांगता येत नाही. पाचव्या नळीचा नंबर मला पाठ होता. ती बाटली सापडली. सही माझ्या बाजूला होती, अंगठ्याखाली. मी बाटली न वाचता पालथ्या हाताने फिरवली आणि ओतायच्या ट्रेमध्ये, सील भिंतीकडे करून, ठेवली. ग्लेनचा हात येऊन ट्रे घेऊन गेला.

मग नापास. शहात्तर. एकतीस. दोन्ही सह्या इंग्रजीत, वाचता न येणाऱ्या. तिसरी देवनागरीत होती. लतिका. ताई पासपोर्टवरही अशीच सही करते, ल चा देठ खाली लांब ओढून. शाई थंडीने फुटल्यासारखी झाली होती. ही बाटली मी हातात धरून किती वेळ उभी होते माहीत नाही. झाकण सैल करणं सोपं होतं. पण आता त्याने काहीही झालं नसतं, फोन होऊन गेला होता, मेल येऊन गेला होता, आणि सौमित्रजिजूंनी सकाळीच तिकिटांची चौकशी करून तीस तारखेची बुकिंग केली होती. मी बाटली फ्रीझरच्या तिसऱ्या खणात ठेवली. नोंदवही समोर होती. नापास नमुना एक वर्ष ठेवायचा असतो, कुणी आव्हान दिलं तर. मी नंबर लिहिला, खण लिहिला, माझी सही केली. शेवटच्या रकान्यात कधीपर्यंत ठेवायचा ती तारीख असते. मी लिहिलं, वीस नोव्हेंबर दोन हजार सात. तोपर्यंत त्या बाटलीला इथे राहायची परवानगी होती.